केसाळ वॅगन आर आणि 15 लिटरचा ओला-सुका व्हॅक्यूम: शिमगा ते दिवाळी

गाडीतले कुत्र्याचे केस काढायचे म्हणून ओला-सुका व्हॅक्यूम घ्यायचा विचार असेल तर जरा दमानं घ्या. मॅटिंगमध्ये रुतलेला केस ओढून काढणं या मशीनला जमत नाही. ते काम रबरी हातमोजा आणि पाय घासायची वज्री करतात, मशीन मागून नुसतं गोळा करत जातं. पण तुम्ही खानापूर, जांबोटी, चंदगड अशा पावसाच्या पट्ट्यात राहत असाल, गाडीत कुत्री बसत असतील आणि मॅटिंगखाली ओल मुरत असेल, तर हेच मशीन घ्या म्हणेन. मी शिमग्याच्या आगेमागे घेतलं, आता दिवाळी झाली. मधला सगळा पावसाळा त्यानं काढला.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हेच मशीन, हाच डबा, हीच नळी वेगवेगळ्या नावांचे स्टिकर लावून विकली जाते. ओळख अशी: 1400 वॅट, 15 लिटरचा स्टीलचा डबा, खाली चाकं, कापडी पिशवी, ओल्या कामासाठी फोमची बाही आणि मागच्या बाजूला हवा बाहेर फेकणारं तोंड. पाच हजारांच्या आत मिळालं.

गाडी मामांची. 2011 ची पेट्रोल वॅगन आर, केए 22 म्हणजे बेळगाव पासिंग. मामांचं जांबोटीच्या पुढं काजूचं रान आहे आणि रानावर दोन कुत्री, एक मुधोळ आणि एक लॅब्राडॉरची मिसळ. खत आणायला हीच गाडी, काजूची पोती न्यायला हीच, कुत्र्यांना सुई द्यायला बेळगावला आणायचं तरी हीच. मागची सीट कायमची पाडलेली. नंतर नंतर ती फणसाखाली उभीच राहायला लागली आणि कुत्र्यांनी तिला घर केलं. "त्यात बसण्यापेक्षा वडापनं जाईन," असं मामींनी कधीच सांगून टाकलं होतं. मी गाडी मागितली तेव्हा मामा म्हणाले, "ने की, पण वास जायचा न्हाई गा, आधीच सांगतो."

मुधोळच्या कुत्र्याचं कौतुक आम्हालाही आहे. घोरपडे संस्थानिकांनी ही जात जपली, 2005 साली तिचं पोस्टाचं तिकीट निघालं, सगळं मान्य. पण तिचा केस गाडीत शिरला की नको वाटतं. लांब केसाच्या कुत्र्याचे केस वरच्या वर गुंता होऊन बसतात, हातानं उचलता येतात. मुधोळचा केस आखूड, सरळ, ताठ, तो टोकानं आत शिरतो. त्यात गाडीचं मॅटिंग काही विणलेलं कापड नसतं. धागे सुयांनी ठोकून एकमेकांत अडकवलेला तो जाड थर असतो. केस त्यात गेला की त्यातलाच एक धागा होऊन बसतो. वरून हवा कितीही ओढा, इतक्या बारीक केसाला धरायला तिला जागाच मिळत नाही. म्हणून मशीन घेताना वॅट बघून भुलू नका. 1400 काय आणि 2000 काय, रुतलेल्या केसाला दोन्ही सारखेच.

रबराचं तसं नाही. ते केसाला घर्षणानं धरतं, वाकवतं, वर आणतं, आणि वर आलेले केस एकमेकांत गुंडाळून त्यांच्या वाती होतात. भांडी घासायचा जाड रबरी हातमोजा घाला, पाण्याचा अगदी हलका फवारा मारा आणि एकाच दिशेनं ओढत चला. मागेपुढे घासलं तर निम्मे केस परत आत जातात. सीटच्या कापडाला एवढं पुरतं. पायाखालच्या मॅटिंगला आणि डिक्कीला पुरत नाही, तिथं वज्री. बेळगावच्या गणपत गल्लीत मिळते ती पाय घासायची, भोकंभोकं असलेली. तिच्या खरखरीत कडांना केस अडकून वर येतात. ती फक्त खालच्या जाड मॅटिंगवरच वापरा. सीटचं कापड, रेक्झिन, प्लास्टिक यांना लावलीत तर ओरखडे कायमचे. मॅटिंगचाही थोडा भुसा निघतो आणि वज्रीही झिजते, तेवढं सोसावं लागतं.

या सगळ्याच्या आधी मी एक काम केलं आणि ते फार उपयोगी पडलं. उद्यमबागेत एका मित्राचं छोटं वर्कशॉप आहे, त्याच्या कंप्रेसरची हवा मागितली. पुढच्या दोन्ही सीट बोल्ट काढून बाहेर घेतल्या, चारही दारं उघडली, तोंडाला मास्क लावला आणि सीटची पट्टी, बेल्टचं बकल, हँडब्रेकची खाच, दाराचे खिसे असं सगळीकडं फुंकत गेलो. गाडीतून जे बाहेर आलं ते बघून शेजारच्या शेडमधला कामगार येऊन विचारून गेला, "काय करूलालास गा हे?" कंप्रेसर नसेल तर मशीनच्या मागच्या तोंडाला नळी लावूनही काम होतं, जोर कमी पडतो इतकंच. नव्या गाडीची सीट काढणार असाल तर एक बघा: सीटखाली पिवळा कनेक्टर असेल तर तो एअरबॅगचा किंवा बेल्टचा असतो. बॅटरीची वायर काढल्याशिवाय त्याला हात लावू नका. आमच्या या जुन्या गाडीत सीटखाली तसलं काही निघालं नाही.

हवेचाही फरक पडतो. आपल्या बेळगाव जिल्ह्याची दोन टोकं सारखी नाहीत. अथणी, गोकाककडं हिवाळ्यात हवा इतकी कोरडी असते की केस स्थिर विजेनं प्लास्टिकला आणि छताला चिकटतात. तिथं फवाऱ्याच्या पाण्यात कपड्यांच्या सॉफ्टनरचे चार थेंब टाकले की सुटतात. जांबोटीकडच्या दमट हवेत ही अडचण नाही, तिथं केस ओलीनं चिकटून बसतात. मग आधी गाडी उन्हात कडक वाळवायची आणि नंतरच हात लावायचा. लाल मातीचंही तसंच आहे. जांभ्याची ती माती ओली असताना घासली की डाग पसरतो. वाळू द्या, ब्रशनं झाडा, मशीननं ओढा, मग शॅम्पू.

गोचीड वेगळ्या परिच्छेदाला पात्र आहे. कुत्री गाडीत झोपत होती, म्हणजे गोचीड असणारच. कुत्र्याची तपकिरी गोचीड रक्त न पिता महिनोन्महिने टिकते आणि अंडी घालताना फटी शोधते. एक मादी हजारांनी अंडी घालते. आमच्या गाडीत ती सीटच्या शिवणीत आणि डिक्कीतल्या स्टेपनीच्या खाचेत सापडली. मशीनचं चपटं तोंड इथं झकास चालतं. पण ओढून झाल्यावर पिशवी तशीच ठेवायची नाही, लगेच बाहेर नेऊन उकळत्या पाण्यात टाकायची, नाहीतर गोचीड मशीनमधून चालत घरात येते. फवारा मारायचा तर जनावरांच्या डॉक्टरांना विचारून मारा. कुत्र्याला चालणारं परमेथ्रिन हे गोचिडीचं औषध मांजराला विषासारखं असतं, आणि आमच्या घरात मांजर आहे.

आता ओलीची गोष्ट. केस निघाले, सीट धुऊन झाल्या, गाडी दिसायला माणसात आली, तरी डाव्या बाजूला बसलं की वास. मॅटिंग हातानं दाबलं तर वर कोरडं. कडेची प्लास्टिकची पट्टी काढून मॅटिंग उचललं, तर खालचा फोम स्पंजासारखा भरलेला आणि त्याखालचा पत्रा तांबूस. वास कुत्र्याचा कमी आणि या कुजलेल्या फोमचा जास्त होता.

पाणी दोन वाटांनी येत होतं. एक वाट वायपरखालच्या जाळीची. फणसाची पानं आणि केस तिथं साचून पाणी जायचं भोक बुजलेलं. मग पावसाचं पाणी ब्लोअरच्या वाटेनं आत उतरायचं. दुसरी वाट एसीची. एसीतून ठिबकणारं पाणी एका बारीक रबरी नळीनं गाडीखाली जातं. तिच्यातही केस आणि माती यांचा बोळा होता, त्यामुळं ते पाणी डाव्या पायाशी पडत होतं. एसी लावल्यावर तुमच्या गाडीखाली पाणी ठिबकत नसेल तर ही नळी बघाच. त्यात या गाडीत केबिन फिल्टरच नव्हता, जागा नुसती झाकणानं बंद केलेली. ब्लोअरनं सगळे केस थेट आतल्या कॉइलवर नेऊन बसवले होते.

इथं मशीन कामाला आलं, आणि काय आलं! कापडी पिशवी काढायची, फोमची बाही चढवायची आणि नळी सरळ ओल्या फोमवर दाबून धरायची. साधा व्हॅक्यूम यात जळून जातो, हा लोटाच्या लोटा पाणी ओढतो. एसीच्या नळीच्या खालच्या टोकाला मशीनची नळी हातानं घट्ट धरून लावली, तर तो बोळा सप्पकन डब्यात आला. डबा भरत आला की आतला तरंगता चेंडू वर येऊन हवा बंद करतो, आवाज एकदम चिरका होतो, तेव्हा लगेच बंद करायचं. एक सावधगिरी: शॅम्पूचा फेस त्या चेंडूला फसवतो, पाणी खाली असतानाच फेस मोटरपर्यंत चढतो. म्हणून सीट धुताना शॅम्पू नावालाच घाला आणि डब्यात आधी थोडं व्हिनेगर ओतून ठेवा, फेस बसतो. छताला मात्र ओलं काही करू नका. कापडाचा गोंद सुटला की ते खाली लोंबायला लागतं.

फोम उन्हात वाळवला, गाडी मॅटिंगशिवाय ठेवली, पत्र्यावरचा गंज घासून रंग मारला. जिथं कुत्र्यांनी लघवी केली होती तिथं एन्झाइमचा फवारा मारला. हा फवारा मारून लगेच पुसायचा नसतो. जागा काही तास ओली राहायला हवी, वरून ओलं फडकं टाकून ठेवा. आधी गरम पाणी किंवा ब्लीच वापरलं असेल तर एन्झाइम मरतं. लघवीचे क्षार तळाला राहिले की पहिल्या पावसाच्या दमट हवेत वास परत उठतो, म्हणून खरी परीक्षा जूनमध्येच होणार होती. जून गेला, आषाढ गेला, श्रावणात मामी गाडीत बसून कपिलेश्वरला जाऊन आल्या. मामांनी एकदा दार उघडून हुंगलं आणि काही न बोलता दार लावलं.

मशीनच्या खोडी आता. आवाज प्रचंड, दुपारी लावलं तर गल्ली उठते. नळी डब्याला जिथं बसते तिथलं प्लास्टिक पावसाळ्यातच चिरलं. कंपनीचं सर्व्हिस सेंटर कुठं आहे विचारलं तर म्हणाले कोल्हापूर किंवा हुबळी, म्हणजे कुठंही गेलं तरी शंभरेक किलोमीटर. शेवटी उद्यमबागेतच हायड्रॉलिक नळीची पट्टी पिळून बसवली, ती अजून घट्ट आहे. डब्याची वरची कड ओली राहिली की तांबारते, स्टील म्हणतात ते सगळं स्टील नव्हे. वायर आखूड आहे आणि 1400 वॅट म्हणजे 230 व्होल्टला सहा अँपिअरच्या वर, तेव्हा मोबाइल चार्जरसाठी घेतलेल्या बारीक एक्स्टेन्शनवर चालवू नका. माझं गरम झालं होतं, मग जाड वायरचं करून घेतलं. रानावर लाइट गेली की काम थांबतं, घरचा इन्व्हर्टर याला पुरत नाही.

लायटरच्या सॉकेटला लावायचा छोटा व्हॅक्यूम आधी घरात होता. त्याबद्दल एवढंच: त्या सॉकेटला साधारण 10 ते 15 अँपिअरचा फ्यूज असतो, 12 व्होल्टला हिशेब केला तर फार तर 120 ते 180 वॅट. बिस्किटाचा चुरा उचलतो. डिटेलिंगच्या दुकानातही विचारून आलो होतो. आतली सफाई साडेतीन हजार सांगितली, आणि मॅटिंग उचलणार का विचारल्यावर "ते वेगळं" म्हणाले. कुत्रा नसलेल्या, नुसत्या धुळीनं माखलेल्या गाडीला दुकान परवडतं. ज्या गाडीत कुत्री रोज बसणार, तिला घरचं मशीनच हवं, कारण हे काम एकदा करून संपत नाही.

गाडी आता शंभर टक्के झाली असं म्हणणार नाही. डिक्कीच्या कडेला उन्हात बसलं की अजून एखादा पांढरा केस चमकतो आणि मागच्या सीटबेल्टला हुंगलं तर मुधोळ ओळखता येतो. बेल्ट पूर्ण ओढून, चिमटा लावून कोमट साबणपाण्यानं धुतला, तरी राहिलाच. कुत्री अजून येतात, पण मागच्या सीटवर जुनी सोलापुरी चादर असते आणि उतरल्यावर ती बाहेर झटकली जाते. केबिन फिल्टर बसवून घेतला, तो महिन्या-दोन महिन्यांनी काढून झटकतो. वायपरखालची जाळी पावसाळ्यात दर आठवड्याला बघतो. मशीनबरोबर कापडी पिशवी एकच येते आणि गोचिडीसाठी ती उकळली की आकसते. शहापुरात शिंप्याकडून जाड मांजरपाटाच्या जादा शिवून घेतल्या आहेत. शिवताना तोंडाचं रबर मूळ पिशवीचंच माप घेऊन लावायला सांगा. सैल राहिलं तर केस थेट मोटरच्या फिल्टरवर जातात.