रॉब रॉय की रस्टी नेल?
दोन्ही स्कॉच व्हिस्कीची कॉकटेल. रॉब रॉयसाठी ६० मिली स्कॉच, ३० मिली गोड व्हर्मुथ आणि अँगोस्टुरा बिटर्सचे (कडवट, मसालेदार अर्काचे) दोन शिंतोडे भरपूर बर्फावर सुमारे अर्धा मिनिट, भांड्याला बाहेरून दव धरेपर्यंत ढवळून गाळावे लागतात. व्हर्मुथ ही मुळात वाइनच असल्याने उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवून महिना-दोन महिन्यांत संपवावी लागते. कपाटात पडून आंबूस झालेली व्हर्मुथ चांगल्या स्कॉचचीही माती करते. रस्टी नेलला ही कटकट नाही, कारण मध आणि वनौषधींची गोड दारू ड्रॅम्ब्युई कपाटातही टिकते आणि ती स्कॉचबरोबर थेट ग्लासातल्या बर्फावर ओतून ढवळली की काम झाले. निम्मे-निम्मे प्रमाण मला फारच गोड वाटते. ४५ मिली स्कॉचला १५ मिली ड्रॅम्ब्युई पुरे. सोय रस्टी नेलची खरी, पण चवीचा तोल रॉब रॉयचाच सरस.