तांब्याची म्हणून विकलेली वायर

घराचं काम काढलेल्या प्रत्येकाने हे वाचावं म्हणून लिहितोय. आमच्या नव्या घरात भिंतीत भरलेली अडीचची (म्हणजे २.५ चौ. मिमी जाडीची) वायर तांब्याची नव्हतीच. आत ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा पातळ मुलामा. बंडलावर नावाजलेल्या कंपनीसारखंच वेष्टन, आयएसआयची खूण, '९० मीटर, २.५ चौ. मिमी' असा ठसठशीत छाप, सगळं जागच्या जागी. भावही बाजारापेक्षा इतका किंचित कमी, की शंका यायचं कारण नव्हतं.

दुकानदाराने खात्री पटवली ती मीटर लावून, आणि मला सगळ्यात जास्त राग याचाच आहे. त्याने मल्टिमीटर बझरवर ठेवला आणि बंडलाच्या दोन्ही टोकांना पिना लावल्या. मीटर वाजला. "बघा दादा, शून्य ओहम. प्युअर कॉपर!" गिऱ्हाइकाला यापुढे काय बोलता येणार? पण बझर म्हणजे तार कुठे तुटलेली नाही, एवढंच. बऱ्याच मीटरांत तो वीस-तीस ओहमच्या खाली काहीही असलं तरी वाजतो. तेवढ्याच जाडीची ९० मीटर लोखंडी तार असती, तरी तो तसाच वाजला असता. ओहमच्या आकड्यावरूनही साध्या मीटरने निकाल लागत नाही, कारण अडीचच्या खऱ्या बंडलाचा रोध एक ओहमही नसतो आणि मीटरच्या पिनांच्या वायरींचाच पाव-अर्धा ओहम त्यात मिसळतो.

थंडीत गीझर रोज लागायला लागला आणि बाथरूमचं सॉकेट तापू लागलं. वायरमनने स्क्रू आवळले. थोड्या दिवसांनी ते पुन्हा सैल. ॲल्युमिनियम स्क्रूखाली दाबलं की हळूहळू पसरतं, त्यावर ऑक्साइडचा थर चढतो, जोड सैल होतो आणि तिथेच उष्णता साठते. सॉकेटचं प्लॅस्टिक पिवळं पडलं, तेव्हा आयटीआयमध्ये वायरमन ट्रेड शिकवून निवृत्त झालेल्या शेजारच्या सरांना बोलावलं.

सरांनी वायरीला हातही लावला नाही. आधी व्होल्ट मोजले. गीझर बंद असताना सॉकेटवर २२९, चालू केल्यावर २२०. मेन बोर्डवर मात्र २२९ चे २२८ च झाले. म्हणजे मधल्या वायरीतच ८ व्होल्ट मुरत होते. टाँग टेस्टरने, म्हणजे वायरीभोवती चिमटा लावून प्रवाह मोजणाऱ्या मीटरने, प्रवाह आला ८.३ अँपिअर. सरांनी माझ्याच वहीत मांडलं: व्होल्ट भागिले अँपिअर, ८ भागिले ८.३, म्हणजे साधारण ०.९६ ओहम. बोर्डापासून बाथरूमपर्यंत जाऊन-येऊन ४० मीटर वायर आहे. खऱ्या अडीचच्या तांब्याच्या लवचीक वायरीचा रोध किलोमीटरला जास्तीत जास्त ७.९८ ओहम असावा, असं मानक सांगतं. ४० मीटरला तो होतो ०.३२. आमच्याकडे त्याच्या तिप्पट.

मग शक्ती काढली. ८ गुणिले ८.३, म्हणजे सुमारे ६६ वॅट नुसते भिंतीत जळत होते. चांगल्या वायरीत ते २२ असते. आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. त्याच वायरीवर आणखी काही लावून प्रवाह १५ अँपिअर झाला, तर ६६ चे २१५ च्या पुढे. ज्या घरात मुलं झोपतात त्या भिंतीत हे चाललंय, हे ऐकल्यावर मला त्या रात्री झोप लागली नाही.

दोष एखाद्या जोडाचाही असू शकतो, म्हणून सर म्हणाले, शिल्लक बंडलच तपासू. एक न उघडलेलं बंडल होतं. त्याला घरातली वीज लावली नाही. १२ व्होल्टची बॅटरी, गाडीच्या हेडलाइटचा ६० वॅटचा बल्ब आणि ते बंडल, तिन्ही एकामागे एक जोडली. प्रवाहासाठी मल्टिमीटरची १० अँपिअरची खाच वापरली (साधा टाँग टेस्टर बॅटरीचा प्रवाह दाखवत नाही). प्रवाह ३.२ अँपिअर आणि बंडलाच्या दोन टोकांमध्ये ६.८ व्होल्ट. भागाकार २.१ ओहम. सरांनी स्वतःकडचं खात्रीचं बंडल लावलं, तर ४.३ अँपिअर, ३.१ व्होल्ट, म्हणजे ०.७२. बल्बच्या उजेडातला फरक आईलाही दिसला. मग ब्लेडने तार तासली, आतून पांढरी. किराणा दुकानातल्या काट्यावर अख्खं बंडल दीड किलोही भरलं नाही. अडीचच्या ९० मीटरमध्ये नुसतं तांबंच २ किलो असायला हवं.

दुकानदाराने शिल्लक बंडलं मुकाट्याने परत घेतली. भिंतीतल्या वायरीबद्दल, मजुरीबद्दल एक शब्द नाही. बिल त्याने कच्चंच दिलं होतं, पक्कं मागितलं तेव्हा टोलवाटोलवी केली होती. पक्कं बिल नसेल तर ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ ला फोन करूनही हातात पुरावा राहत नाही. बंडलावरचा सीएम/एल क्रमांक, म्हणजे आयएसआय खुणेचा परवाना क्रमांक, भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर दुकानातच टाकून बघा. परवाना कुणाच्या नावावर आहे ते लगेच कळतं. मात्र खरा क्रमांक खोट्या वेष्टनावरही छापता येतो, म्हणून वायर पाइपात ओढण्याआधी सरांसारखं बॅटरी-बल्ब लावून मोजाच.

९० मीटरच्या लवचीक तांब्याच्या बंडलाचा रोध २० अंश सेल्सिअसला फार तर एवढा असावा: १ चौ. मिमीला १.७६ ओहम, दीडला १.२०, अडीचला ०.७२, चारला ०.४५. उन्हाळ्यात पाच-सात टक्के जास्त आला तर चालेल. दीडपट आला, तर ते बंडल घरात घेऊ नका.