कॅमेरा कुणाचा, पास कुणाला? वडोदऱ्यातल्या हौशी स्पर्धांसाठी तीन वाटांची तुलना

खो-खो, कबड्डी किंवा मल्लखांबाची स्पर्धा भरवायची म्हटलं की पूर्वी कार्यकारिणीची बैठक मैदान, पंच, चषक आणि खेळाडूंचं जेवण एवढ्यावर आटोपायची. आता आणखी एक विषय निघतो, आणि तो हमखास उशिरा निघतो. स्पर्धा आठवड्यावर आलेली असताना निरोप येतो: ‘लाइव्हचे हक्क आम्हाला द्या, चार कॅमेरे फुकट लावतो, फक्त दुसऱ्या कुणी शूटिंग करता कामा नये.’ निरोप धाडणारा कधी लोकल केबलचा चॅनेलवाला असतो, कधी लग्नाच्या शूटिंगमधून यूट्यूबकडे वळलेला व्हिडिओवाला, कधी नुसताच प्रायोजकाचा भाचा. लगोलग एखाद्या गुजराती दैनिकाचा फोटोग्राफर पास मागायला येतो, पालक मोबाइल उंचावून रेषेपाशी उभे राहतात, आणि नेमकं कुणाला अडवायचं हे कार्यवाहांना उमगत नाही.

वाटा तीन आहेत. एकालाच सगळे हक्क द्यायचे, मंडळाने स्वतः प्रक्षेपण करायचं, किंवा ज्याला जे टिपायचं ते टिपू द्यायचं. सही करण्याआधी या तिन्ही शेजारी ठेवून पाहाव्यात म्हणून हा आढावा.

आधी फाटक बघा

तुमच्याकडे विकण्यासारखं आहे तरी काय? 1957 चा कॉपीराइट कायदा ज्या कृतींना संरक्षण देतो, त्या यादीत खेळाचा सामना नाही. कविता आहे, नाटक आहे, संगीत आहे, चित्रपट आहे. कबड्डीची चढाई नाही. सामन्याचं चित्रीकरण झालं की त्या चित्रीकरणावर हक्क येतो, तो 60 वर्षांचा. प्रक्षेपण झालं की प्रक्षेपण करणाऱ्या संस्थेचा वेगळा हक्क येतो, तो 25 वर्षांचा. मंडळाच्या हाती मुळात असतं ते मैदानाचं फाटक: आत कोण येणार आणि कोणत्या अटीवर.

यावरून जगभर भांडणं झाली आहेत. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या एका रेसकोर्सशेजारच्या जागेत मनोरा उभारून रेडिओवर शर्यतीचं वर्णन सुरू झालं. रेसकोर्सवाले कोर्टात गेले आणि 1937 साली हरले. देखाव्यावर मालकी नसते. दिसू द्यायचं नसेल तर कुंपण उंच करा, असा त्या निकालाचा मथितार्थ. रावपुऱ्यात किंवा दांडिया बाजारात ज्यांनी कधी स्पर्धा भरवली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. भोवतालच्या प्रत्येक गच्चीवर एक तरी मोबाइल असतोच, आणि त्या गच्चीवर तुमचा पास चालत नाही.

हौशी खेळापुरते दोन निकाल जास्त कामाचे. जर्मनीत हौशी फुटबॉलच्या सामन्यांच्या मिनिट-दीड मिनिटाच्या चित्रफिती प्रेक्षकांकडून घेऊन दाखवणाऱ्या एका संकेतस्थळावर प्रादेशिक फुटबॉल संघटनेने दावा लावला. 2010 मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने संघटनेला असा एकहाती हक्क नाही असं ठरवलं. ज्या क्लबचं मैदान आहे तो आपल्या जागेत चित्रीकरणाला मनाई करू शकतो, तेवढं पुरेसं आहे, असं न्यायालयाचं म्हणणं. अमेरिकेत नेमकी उलट बाजू समोर आली. विस्कॉन्सिन राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेने इंटरनेट प्रक्षेपणाचे हक्क एका कंपनीला दिले होते. तरीही एका वृत्तपत्राने 2008 मध्ये चार फुटबॉल सामने परवानगीशिवाय पूर्ण दाखवले. 2011 मध्ये अपील न्यायालयाने कौल संघटनेला दिला: वृत्तपत्राने बातमी द्यावी, टीका करावी, मुलाखती घ्याव्यात, पण अख्खा सामना दाखवणं म्हणजे बातमी देणं नव्हे.

हे निकाल भारतात बंधनकारक नाहीत. दोन्हींत विरोध दिसतो, पण खरं तर तो नाही. एकीकडे दीड मिनिटाची झलक आणि मैदान ताब्यात नसलेली संघटना, दुसरीकडे पूर्ण सामना आणि आधीच झालेला करार. तुमची स्पर्धा पोलो ग्राउंडसारख्या मोकळ्या मैदानावर असेल तर ‘एकहाती हक्क’ कागदावरच राहतील. समाच्या इनडोअर संकुलासारख्या बंदिस्त जागी, पासावर प्रवेश ठेवून स्पर्धा असेल तर त्या शब्दाला थोडं वजन येतं. भाड्याच्या जागेत मात्र आधी भाडेपावतीमागच्या अटी वाचा. चित्रीकरणाची परवानगी कधी कधी जागेच्या मालकानेच राखून ठेवलेली असते. आणि स्पर्धा राज्य संघटनेच्या मान्यतेने होत असेल तर तिचं परिपत्रकही. आपल्या हातात नसलेला हक्क लिहून देणं ही सगळ्यात महागडी सही.

एकालाच द्यायचे

फायदा उघड आहे. चार कॅमेरे, समालोचन, पडद्यावर गुणफलक, आणि मंडळाला धावपळ नाही. प्रायोजकाला बॅनर ‘टीव्हीवर’ दिसतो याचं समाधान असतंच. प्रो कबड्डी 2014 मध्ये आणि अल्टिमेट खो-खो 2022 मध्ये टीव्हीवर आल्यापासून पोरांनाही आपला सामना तसाच दिसावा असं वाटतं, त्यात गैर काही नाही.

तोटा करारात लपलेला असतो, किंवा करारच नसतो, तिथे असतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे, मोबदला देऊन तुम्ही कुणाकडून चित्रीकरण करून घेतलंत आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर पहिला मालक तुम्ही. पण जो स्वखर्चाने, स्वतःच्या पुढाकाराने ‘फुकट’ येतो, त्याची फीत त्याचीच. म्हणजे चार कॅमेरे फुकट मिळाले या आनंदात मंडळ आपल्या अंतिम सामन्याचं चित्रीकरण कायमचं हातचं घालवतं. पुढे सुवर्णमहोत्सवाला त्यातली पाच मिनिटं हवी असतील तर ती मागून घ्यावी लागतात, किंवा विकत.

दुसरा सापळा मुदतीचा. कलम 19 सांगतं की हक्क लिहून देताना लेखी करार आणि सही हवी. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर तो संपूर्ण भारत. तुम्हाला वाटतं यंदापुरतं दिलं, पण कागद पाच वर्षं बोलत राहतो. म्हणून ‘फक्त या स्पर्धेचं, फक्त थेट प्रक्षेपण, अमुक तारखेपर्यंत’ हे शब्द करारात हवेतच.

तिसरं दुखणं पत्रकारांचं. एकहाती हक्क घेणारा आग्रह धरतो की दुसऱ्या चॅनेलला, फोटोग्राफरलासुद्धा, आत सोडू नका. इथे ठाम नकार द्यावा. 2007 मध्ये अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात शालेय क्रीडा संघटनेने हेच करून पाहिलं: फोटो विकण्याचं कंत्राट एका कंपनीला होतं, म्हणून वाचकांना फोटो विकणाऱ्या वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांना मैदानाच्या कडेला उभं राहू द्यायचं नाही. वृत्तपत्रं कोर्टात गेली आणि पुढच्या वर्षी तडजोड झाली. आपल्याकडे 2012 मध्ये इंग्लंडच्या भारत दौऱ्यात बीसीसीआयने काही छायाचित्र संस्थांना प्रवेश नाकारला, तेव्हा मोठ्या आंतरराष्ट्रीय वृत्तसंस्थांनी वार्तांकनच थांबवलं. क्रिकेट मंडळाला ते परवडलं. तुमच्या मंडळाच्या मल्लखांबाची बातमी एकदा आली नाही, तर पुढच्या वर्षी देणगीदारासमोर कात्रण म्हणून काय ठेवणार?

स्वतःचं प्रक्षेपण

ही वाट जास्त कष्टाची आणि माझ्या मते बहुतेक मंडळांसाठी जास्त शहाणपणाची. कबड्डीचं मैदान 13 बाय 10 मीटरचं. मध्यरेषेच्या समोर, थोड्या उंचावर लावलेला एक कॅमेरा पुरतो. खो-खोचं मैदान लांब, धावणारा क्षणात खांबाला वळसा घालतो, त्यामुळे तिथे कॅमेरा फिरवणारा माणूस खेळ जाणणारा हवा, नाहीतर सूर मारून गडी बाद झाल्यावर पडद्यावर नुसती धूळ दिसते. मल्लखांबाला दोनच गोष्टी लागतात, बाजूने चांगला प्रकाश आणि मागे साधा पडदा.

खर्च कॅमेऱ्यापेक्षा इंटरनेटवर करा. अंतिम सामन्याच्या संध्याकाळी गर्दी जमली की मोबाइलचं नेटवर्क झोपतं, म्हणून शेजारच्या शाळेतून किंवा घरातून ब्रॉडबँडची वायर ओढून घ्या. यूट्यूब चॅनेल आठवडाभर आधीच उघडा: लाइव्हची सोय पहिल्यांदा सुरू व्हायला 24 तास लागू शकतात, आणि मोबाइलवरून लाइव्ह करायचं तर चॅनेलचे किमान 50 सबस्क्रायबर लागतात. जाहिरातींच्या उत्पन्नाची आशा ठेवू नका. त्यासाठी 1,000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4,000 तासांचं पाहणं लागतं, एका स्पर्धेत ते होत नाही. मध्यंतरात डीजेने लावलेलं चित्रपटातलं गाणं ही नेहमीची खोड. त्या एका गाण्यावरून कॉपीराइटचा दावा लागतो आणि सामना चालू असताना प्रक्षेपण बंद पडू शकतं. ढोल-ताशा वाजवा. तो ऐकायलाही बरा.

मिळतं काय? फीत मंडळाची राहते. पुण्यातली आत्या आणि न्यू जर्सीतला मामा दुव्यावर सामना बघतात. पंचांच्या निर्णयावर वाद झाला तर पुरावा हाताशी असतो. चित्रीकरण करणाऱ्याला थोडेबहुत का होईना पैसे द्या आणि पावती घ्या; कलम 17 तुमच्या बाजूने उभं राहतं ते त्या पावतीमुळे.

मोकळं मैदान

याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. गल्लीतली एक दिवसाची स्पर्धा असेल, प्रवेश सगळ्यांना खुला असेल, तर कुणालाच अडवू नका. पैसा नाही, भांडणही नाही. एवढं मात्र होतं की स्पर्धेची सलग फीत कुणाकडेच राहत नाही, आणि नंतर कुणाच्या तरी फोनमधला तीस सेकंदांचा तुकडा हाच इतिहास ठरतो.

पास: तिन्ही वाटांवर लागणारी गोष्ट

हक्क कुणालाही द्या, पत्रकारांचा पास वेगळा ठेवा आणि त्यावरच्या अटी छापील असू द्या. आयत्या वेळी फाटकावर तोंडी घातलेली अट कुणी मानत नाही, आणि मानूही नये. 2007 मध्ये अमेरिकेतल्या महाविद्यालयीन बेसबॉलच्या एका सामन्यात इंटरनेटवर क्षणाक्षणाचं वर्णन लिहिणाऱ्या वार्ताहराचा पास सामना चालू असतानाच काढून घेतला गेला. खेळ कुणाला आठवत नाही. तो प्रसंग अजून सांगितला जातो.

गुण आणि निकाल अडवण्याच्या फंदात तर पडूच नका. मोबाइलवर स्कोअर कळवणाऱ्या कंपन्यांविरुद्धच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने 2013 मध्ये म्हटलं की सामन्यातली माहिती, म्हणजे कोण बाद आणि किती गुण, ही वस्तुस्थिती आहे. तिच्यावर कुणाची मालकी नाही. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं, पण वाड्यांच्या आणि मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गुण टाकणाऱ्या काकांना कोण रोखणार आहे?

झलक किती लांब असावी, याचं उत्तर भारतीय कायद्यात सेकंदांत नाही. बातमीपुरता रास्त वापर चालतो, एवढंच आहे. युरोपीय संघाच्या नियमांत बातमीसाठीच्या तुकड्याला 90 सेकंदांची मर्यादा सुचवली आहे. ती उचलायला हरकत नाही: प्रत्येक सामन्यातली 90 सेकंदं, बातमीसाठी, सामना संपल्यावर. खांबावरची एक झेप दहा सेकंदांत संपते, तेव्हा दैनिकाच्या संकेतस्थळाला एवढं भरपूर झालं. पालकांना आपल्या मुलाचं शूटिंग करू द्या, फक्त लाइव्ह नको. मुलामुलींच्या गटांत प्रवेशअर्जावरच पालकांची चित्रीकरणासाठी सही घ्या. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील सगळे बालकच धरले आहेत आणि पालकांची संमती लागते.

मग निवड कशी करायची

बंदिस्त हॉल, पासावर प्रवेश आणि रोख रक्कम देणारा कुणी असेल, तर फक्त थेट प्रक्षेपण, फक्त उपांत्य आणि अंतिम फेरी, फक्त यंदापुरतं द्या. रोख नसून ‘फुकट कॅमेरे’ असतील तर एकहाती शब्द काढायला सांगा. काढत नसेल तर स्वतःचं प्रक्षेपण करा. मोकळ्या मैदानावर एकहाती करार करूच नका, कारण गच्चीवरच्या मोबाइलची तक्रार घेऊन चॅनेलवाला तुमच्याच दारात येईल. पैसे परत मागायला.

हिंद विजय जिमखान्याच्या या गावात 1923 मध्ये सुधारलेल्या नियमांनी कबड्डीची अखिल भारतीय स्पर्धा खेळली गेली. तेव्हा चित्रीकरणाचा प्रश्न नव्हता. आता आहे, तर करारात शेवटचं एक कलम घाला: संपादन न केलेलं पूर्ण चित्रीकरण स्पर्धेनंतर पंधरा दिवसांत हार्डडिस्कवर मंडळाकडे जमा करायचं, आणि मंडळाकडून दुसऱ्या बाजूला काहीही देणं असेल तर त्याचा अखेरचा हप्ता डिस्क चालवून पाहिल्यावरच.