इटालियन क्रियापदांचं पेड ॲप, वर्षभर वापरून: 40 युरोत अरे-तुरे शिकवतात, अहो-जाहोचे वेगळे

रिन्यूअलचा मेल आला म्हणून हे लिहायला बसले. 40 युरो आपोआप कापणार म्हणे. तोरिनोतल्या (इटलीतलं ट्यूरिन) आपल्या मराठी मंडळींपैकी दोघीतिघींनी विचारलंच होतं की घ्यावं का, त्यांना तुकड्यातुकड्यात व्हॉइस मेसेज पाठवण्यापेक्षा एकदाच सगळं इथे टाकते. ॲपचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण कस्टमर केअरशी भांडण अजून चालू आहे, पण ज्यांनी क्रियापदांसाठी ॲप शोधलंय त्यांना ओळखता येईल.

बेसिक गोष्टी सगळ्यांना माहितीच आहेत. फ्रीमध्ये सरळमार्गी क्रियापदं, आणि रिफ्लेक्सिव्हमध्ये, म्हणजे ज्यांना मि, ति, सि असं 'स्वतःला'वालं सर्वनाम लागतं त्यांत, आल्त्सार्सी (उठणं), लावार्सी (स्वतःला धुणं), क्यामार्सी (नाव असणं) एवढीच. वाकडी, म्हणजे अनियमित, सगळी कुलपात. सेदेर्सी (बसणं), तोल्येर्सी (अंगावरचं काढणं), अक्कोर्जेर्सी (लक्षात येणं), रिवोल्जेर्सी (कुणाकडे जाऊन विचारणं), अंदार्सेने (निघून जाणं), म्हणजे नेमकी जी रोज लागतात ती. मला इथे राहायच्या लाँग टर्म परमिटसाठी इटालियनची ए2 परीक्षा द्यायची होती, (नागरिकत्वाला 2018 च्या डिसेंबरपासून बी1 लागते ती वेगळी, ती माझ्या नवऱ्याची डोकेदुखी), सरकारी प्रौढ शाळेतला क्लास जवळपास फुकट आहे पण तिथे बाई एका तासात वीस जणांना सांभाळतात, त्यामुळे घरी घोकायला काहीतरी हवं होतं. म्हणून घेतलं.

सुरुवातीला खूश होते. सेदेर्सीचा तक्ता मस्त रंगीत दिलाय. मी, तू, तो-ती, आम्ही, तुम्ही, ते या क्रमाने मि स्येदो, ति स्येदी, सि स्येदे, मग चि सेद्यामो, वि सेदेते, आणि परत सि स्येदोनो. आघात धातूवर असेल तेव्हा 'स्ये', आघात पुढे सरकला की साधा 'से', हे रंगावरून पटकन डोक्यात बसतं, कुणी समजावून सांगावं लागत नाही. आपल्या लोकांना 'मि' लावायला विसरायला होत नाही कारण कानाला तो आपला मी च वाटतो, गडबड होते ती चि आणि वि ला. त्याचा सराव भरपूर आहे. एवढ्यावर मी तेव्हा पाचपैकी पाच दिले असते.

मग पाठदुखीसाठी एक्स-रे काढायला गेले. आतली बाई म्हणाली सि तोल्गा ला कोल्लाना. मी ॲपवर तोल्येर्सी पाठ केलेलं होतं, मि तोल्गो, ति तोल्यी, सि तोल्ये, आज्ञार्थात तोल्यिती, तोल्येतेवी. हे तोल्गा कुठून आलं? तिने गळ्याकडे बोट दाखवलं तेव्हा मंगळसूत्र काढायचंय हे कळलं. घरी येऊन ॲप उघडून आज्ञार्थाचा पूर्ण रकाना बघितला तर तू, आपण, तुम्ही लोक. बस. 'लेई', म्हणजे आपलं अहो-जाहो, ते नाहीच!

आता हे किती मोठं आहे ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. इटलीत अनोळखी मोठ्या माणसाला कोण अरे-तुरे करतं? क्वेस्तूरा (परमिटचं पोलीस ऑफिस), पोस्ट, बँक, डॉक्टर, सगळीकडे लेई. सि स्येदा (बसा), सि रिवोल्गा अल्लो स्पोर्तेल्लो त्रे, म्हणजे तीन नंबरच्या खिडकीवर विचारा (आणि तीन नंबरवर गेलं की तो सांगणार पाचवर सि रिवोल्गा, ते सोडा), सि तेंगा (धरून राहा), नोन सि मुओवा (हलू नका). परदेशी माणसाच्या कानावर दिवसभरात सगळ्यात जास्त पडणारं रिफ्लेक्सिव्ह रूप हेच, आणि 40 युरोच्या तक्त्यात त्याला जागा नाही. त्याउलट स्येदिती, तोल्यिती मला कोण म्हणणार? नवरा. तो मराठीत म्हणतो.

बरं यात अवघड काही नाहीये हा राग जास्त आहे. क्लासमधल्या बाईंनी दोन मिनिटांत फळ्यावर काढून दिलं. हे लेईचं रूप म्हणजे कोंज्युंतीवो (इच्छा-शक्यता दाखवणारं रूप), आणि ते बहुतेक वेळा 'यो'च्या, म्हणजे 'मी'च्या, रूपावरून निघतं. तोल्गो वरून तोल्गा, रिवोल्गो वरून रिवोल्गा, स्येदो वरून स्येदा, वादो वरून वादा, फाच्चो वरून फाच्चा. म्हणजे 'यो'मध्ये जो वाकडेपणा आहे तोच इथे येतो, मोजके अपवाद सोडले तर वेगळं पाठ करायचंच नाही. फक्त शेवटी 'आरे' असलेल्या साध्या क्रियापदांना आ च्या जागी ई, म्हणून सि आल्त्सी (उठा), सि अक्कोमोदी (या, बसा). आणि सर्वनाम लेईमध्ये पुढेच राहतं तर तू मध्ये मागे चिकटतं. स्येदिती पण सि स्येदा. तोल्यिती पण सि तोल्गा. अंदार्सेनेचं तर वात्तेने एका टोकाला आणि से ने वादा दुसऱ्या. हे एवढं एका स्क्रीनवर मावतं. यांनी त्या जागेवर घुबडासारखं काहीतरी कार्टून नाचवलंय जे बरोबर उत्तराला टाळ्या वाजवतं.

कस्टमर केअरला लिहिलं. उत्तर आलं की आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत. परत लिहिलं, तेच उत्तर, वाक्यसुद्धा तेच. मग मी दुसरी तक्रार घातली, कारण ॲप माझं मि स्येदेरो चूक धरत होतं आणि मि सेदेरोच बरोबर म्हणत होतं. भविष्यकाळात दोन्ही चालतात, शब्दकोशात दोन्ही दिलेत, उलट बोलण्यात तर स्येदेरोच जास्त ऐकू येतं. त्यावर सांगितलं की आमची टीम तपासेल. टीम अजून तपासतेय. रिफंड मागितला तर सांगितलं खरेदी फोनच्या स्टोअरमधून झाली आहे, स्टोअर म्हणतं डेव्हलपरला विचारा. हा खेळ आपल्याकडच्या सरकारी ऑफिसमध्ये खेळलेल्यांना नवा नाही म्हणा.

या सगळ्यात मला हसू कशाचं येत होतं तर बसायचं क्रियापद शिकायला मी 40 युरो भरले आणि इथल्या बारमध्ये मी बसतच नाही. काउंटरला उभ्याने कॉफी स्वस्त, टेबलावर बसून प्यायची तर तीच कॉफी महाग, बऱ्याच ठिकाणी बोर्डावर दोन वेगळे भावच लिहिलेले असतात. वेटर सि अक्कोमोदी म्हणाला की मी हसून काउंटरलाच उभी राहते.

इथपर्यंतचं मी काही महिन्यांपूर्वी लिहून ठेवलेलं, आणि तेव्हा दोन स्टार देणार होते. पण मधे एक झालं त्यामुळे मत थोडं बदललं, तेही प्रामाणिकपणे लिहायला हवं.

ॲपमध्ये भूतकाळाचा, पास्सातो प्रोस्सिमोचा जो ड्रिल आहे तो खरंच फार चांगला आहे. रिफ्लेक्सिव्हला सहायक क्रियापद म्हणून आवेरे ('जवळ असणं') चालत नाही, एस्सेरेच ('असणं') लागतं, आणि एस्सेरे आलं की शेवट माणसाप्रमाणे बदलतो. मी बाई म्हणून मि सोनो सेदूता, नवरा मि सोनो सेदूतो, आम्ही दोघं चि स्यामो सेदूती, आम्ही बायका बायका असलो तर सेदूते. हे आपल्याला जन्मजात येतं, मी बसले, मी बसलो, आम्ही बसलो, मराठी माणसाला यात कसली अडचण, माझ्या वर्गात इंग्रजीवरून आलेले लोक मात्र रडकुंडीला येतात. ॲप सुरुवातीला तुम्ही कोण ते विचारून घेतं आणि त्याप्रमाणे वाक्यं देतं, आणि वाकडी भूतरूपंही त्यातच घोटून घेतं, मि सोनो मेस्सा, मि सोनो तोल्ता, मि सोनो अक्कोर्ता, मि सोनो इस्क्रित्ता, मि सोनो रिवोल्ता. अक्कोर्ता मला आता झोपेतही येईल.

आणि त्याहून भारी म्हणजे 'बसावं लागलं'वाला प्रकार. सर्वनाम पुढे ठेवलं तर मि सोनो दोवूता सेदेरे, आणि तेच मागे चिकटवलं तर ओ दोवूतो सेदेर्मी. एक सर्वनाम सरकलं की सहायक क्रियापदच बदलतं, एस्सेरेचं आवेरे होतं, शेवटचा आ पण जातो! हे मला पुस्तकातून दोनदा वाचून कळलं नव्हतं, ॲपमध्ये ते सर्वनाम बोटाने ओढून इकडून तिकडे न्यायचं आणि बाकीचं वाक्य आपोआप बदलताना बघायचं. ज्याने कोणी हे बनवलं त्याला माझ्याकडून टेबलावर बसून कॉफी. ही टीम आणि आज्ञार्थाचा तक्ता बनवणारी टीम एकाच बिल्डिंगमध्ये बसत नसणार.

पास्सातो रेमोतोबद्दल, म्हणजे जुन्या, संपून गेलेल्या गोष्टींच्या भूतकाळाबद्दल, थोडक्यात. तोरिनोत बोलताना कोणी फारसं वापरत नाही, पण आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू कालाब्रियाच्या, त्या वापरतात, आणि गोष्टीची पुस्तकं वाचायची तर लागतंच. ॲप सहाच्या सहा रूपं सुटी सुटी पाठ करायला लावतं. गरज नाही. वाकडी फक्त यो, तो-ती, आणि ते लोक, एवढी तीनच. मि अक्कोर्सी, सि अक्कोर्से, सि अक्कोर्सेरो. उरलेली तीन सरळ, ति अक्कोर्जेस्ती, चि अक्कोर्जेम्मो, वि अक्कोर्जेस्ते. तोल्सी, मिझी, रिवोल्सी सगळे याच चालीचे. हे एका वाक्यात सांगता आलं असतं पण मग तासभर स्क्रीनवर कसे राहणार आपण.

बोलून दाखवायचा भाग चांगला नाही, वापरू नका. स्येदिती म्हणताना जोर पहिल्या 'स्ये'वरच राहतो, मागे ति चिकटला तरी सरकत नाही, अंदातेवेने मध्ये तर जोर शेवटून चौथ्या अक्षरावर जातो. मी बरोबर म्हटलं तरी लाल, चुकीचं म्हटलं तरी कधीकधी हिरवं. काकूंना म्हणून दाखवलं, त्यांनी पास केलं, मला तेवढं पुरे.

हे पोस्ट करायच्या आधी परत ॲप उघडून बघितलं तर नवीन व्हर्जन आलंय आणि त्यात आज्ञार्थाला लेईचा रकाना आलाय!! सि स्येदा, सि तोल्गा, सि रिवोल्गा, अनेकवचनातलं सि स्येदानो सुद्धा. क्षणभर वाटलं माझ्या मेलांचा उपयोग झाला. मग त्यावर बोट ठेवलं तर छोटं कुलूप. 'प्लस' प्लॅन. वर्षाला 60. म्हणजे 40 वाल्यांनी एकमेकांना अरे-तुरे करायचं आणि ज्यांना डॉक्टरकडे जायचंय त्यांनी वरचे 20 भरायचे.

तर माझे साडेतीन होते त्यातला एक कापला, अडीच. ड्रिलसाठी घ्यायचं असेल तर महिन्याचा प्लॅन घ्या, भूतकाळ आणि दोवूतोवाला भाग उरकून टाका आणि सोडा. लेईची रूपं वर लिहिलीच आहेत, स्क्रीनशॉट काढा. इथल्या वाया पो रस्त्याच्या कमानींखाली जुन्या पुस्तकांचे स्टॉल लागतात, तिथून मी क्रियापदांच्या तक्त्यांचं एक जुनं पुस्तक घेतलंय 3 युरोला, त्यात लेई आहे, मागच्या मालकाने पेन्सिलीने खुणा पण केल्यात, ते कोणाला हवं असेल तर परीक्षेनंतर देईन.

आणि बंद करताना नुसतं ॲप डिलीट करू नका, त्याने सबस्क्रिप्शन थांबत नाही, पैसे कापले जातात. फोनच्या स्टोअरमध्ये स्वतःच्या अकाउंटवर जाऊन सबस्क्रिप्शनमधून कॅन्सल करायचं, तारखेच्या आधी.