बाहेरून लावायचा डीव्हीडी रायटर: 3 पैकी 2 सीड्या वाचल्या (दोन्ही अर्थांनी)

आमच्या लग्नाच्या 3 व्हीसीडी (व्हिडिओ भरलेल्या सीड्या) माळ्यावर सापडल्या, 2004 च्या, आणि घरात एकाही लॅपटॉपला सीडी घालायची सोय नाही, म्हणून पुण्यात तपकीर गल्लीतून हा यूएसबीवाला रायटर आणला, 1350 ला. कंपनीचं नाव विचारू नका, खोक्यावर एक आहे आणि खालच्या स्टिकरवर दुसरंच.

पहिल्या दिवशी नुसता वैताग. यूएसबी हबला (एका पोर्टाचे अनेक करणारी डबी) लावला की डिस्क गरगरायला लागते आणि ड्राइव्ह गायब. मोटर सुरू होताना करंट जास्त ओढते, हबला झेपत नाही. थेट लॅपटॉपला लावला तर गप चालला. खोक्यात हे कुठे लिहिलेलं नाही, एक स्टार त्याचाच कापला.

मग कॉपी करायला घेतलं तर अर्ध्यात एरर, आणि तीच फाइल व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमधे लावली तर मस्त चालते, मधे थोडे चौकोन दिसतात तेवढंच. म्हटलं ड्राइव्ह भंगार दिसतोय. पण तसं नाहीये. साध्या डेटा सीडीत एका सेक्टरमधे (सीडीवरचा डेटाचा एक छोटा तुकडा) आपला माल 2048 बाइट, वर चुका दुरुस्त करायचा जादा कोड. व्हीसीडीत तो जादा कोड काढून 2324 बाइट व्हिडिओ कोंबलाय. त्यामुळे ओरखडा आला की विंडोज हात वर करतं. एरर आली तरी पुढे जाणारा कॉपी प्रोग्राम वापरला, दोन सीड्या निघाल्या. पुसताना मधून बाहेर पुसा बरं का, गोल गोल नको, ट्रॅक गोल फिरत जातो, तशाच दिशेचा ओरखडा पडला तर सलग डेटा जातो.

तिसरी मेली, पण तो दोष ड्राइव्हचा नाही. फोटोग्राफरने वर चिकटवलेला सोनेरी स्टिकर मी खरवडून काढला होता. सीडीत लेसर परत फिरवणारा चमकता थर लेबलच्या लगेच खाली असतो, वर फक्त पातळ लॅकर (वार्निशसारखा लेप), आणि आपण जन्मभर जपतो खालची बाजू, जिथे 1 मिमीच्या वर प्लास्टिक आहे! ट्यूबलाइटसमोर धरली तर ठिपक्या ठिपक्यांतून उजेड येतो, आता लेसर आदळून परतणार कशावरून.

ब्लू-रे यात चालत नाही, त्याला 405 नॅनोमीटरचा लेसर लागतो, यात सीडीचा 780 आणि डीव्हीडीचा 650 एवढेच. बाकी 4 स्टार. तिसऱ्या सीडीत वरात होती, त्यात माझा नागीण डान्स, त्यामुळे बायकोला वाटतंय स्टिकर मी मुद्दामच खरवडला.