देवनागरी पावत्यांसाठी एफपीडीएफ२: चतुर्थीपासून शिगम्यापर्यंतच्या वापरानंतर

फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थानाच्या अभिषेक, कुंकुमार्चन आणि दहिकाल्याच्या पावत्या पायथनमधून पीडीएफ होऊन छापल्या जातात. चतुर्थीच्या आधी तिथली पीडीएफ बनवणारी जुनी लायब्ररी पायएफपीडीएफ १.७.२ काढून तिची पुढची आवृत्ती एफपीडीएफ२ बसवली. शिगमा झाला, पावत्या नीट निघताहेत. लायब्ररी बदलणं सोपं होतं. वेळ गेला तो जुनीच्या उणिवा झाकायला तिच्याभोवती वर्षानुवर्षं साचलेली कोडमधली ठिगळं उसवण्यात, आणि खरा फायदाही त्यातच आहे.

१.७.२ ही २०१५ ची आवृत्ती. ती अक्षरं ज्या क्रमाने साठवलेली असतात त्याच क्रमाने एकेक करून मांडते. त्यामुळे ‘शिरोडा’ची पहिली वेलांटी श च्या उजवीकडे जाऊन बसते आणि ‘म्हार्दोळ’मधला रफार पाय मोडलेला र म्हणून उभा राहतो. एफपीडीएफ२ मध्ये २.७.५ या आवृत्तीपासून, म्हणजे ऑगस्ट २०२३ पासून, हार्फबझ हे अक्षरं जुळवणारं इंजिन वापरून जोडाक्षरं जुळवायची सोय आली. ती आपोआप चालू होत नाही. यूहार्फबझ हे पायथनला हार्फबझ जोडून देणारं पॅकेज वेगळं बसवावं लागतं आणि प्रत्येक पीडीएफ ऑब्जेक्टवर ‘सेट टेक्स्ट शेपिंग’ला ट्रू द्यावं लागतं. पावतीला दिलं आणि महिन्याच्या जमाखर्चाला विसरलं, तर एकाच दिवशी दोन तऱ्हेचं मराठी छापून येतं. म्हणून पीडीएफच्या क्लासवरून स्वतःचा एक सबक्लास करून त्याच्या इनिटमध्येच, म्हणजे ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या फंक्शनमध्येच, ही ओळ आणि फॉन्टची नोंद ठेवावी. ठळक अक्षरांसाठी बोल्डची फाइल वेगळी नोंदवावी लागते, नाहीतर फॉन्ट सापडत नाही अशी एरर येते.

बसवताना एक गफलत हमखास होते. जुनं आणि नवं पॅकेज दोन्ही एफपीडीएफ या एकाच नावाने इम्पोर्ट होतात. नवं बसवून मग जुनं काढलं तर सामाईक फाइली जुन्याबरोबर जातात. दोन्ही काढा, मग नवं बसवा.

आता ठिगळं. सगळ्यात घातक होतं जुन्या लायब्ररीसाठी वेलांटी अक्षराच्या आधी सरकवणारं फंक्शन. नव्या लायब्ररीला मूळ क्रमातलाच मजकूर हवा असतो. हे फंक्शन तसंच राहिलं तर ‘डिचोली’च्या सुरुवातीला ठिपक्यांचं वर्तुळ येतं, कारण वेलांटीला धरायला आधी अक्षरच नसतं. वर्तुळ निदान डोळ्यात भरतं. शब्दाच्या मध्ये मात्र काहीच ओरडत नाही: ‘दहिकाला’चा मुकाट्याने ‘दिहकाला’ होतो. तपासणीला फक्त गावांची नावं घेतली तर हे सुटून जातं. शिरोडा, म्हार्दोळ, कुंकळ्ळी, फर्मागुडी यांच्या जोडीला दहिकाला, दक्षिणा, कुंकुमार्चन असे शब्द एका पानावर छापून डोळ्यांनी वाचावेत.

ही फिरवाफिरव छापताना होत असेल तर फंक्शन पुसलं की झालं. सेव्ह करताना होत असेल तर डेटाबेसमध्ये उलटे शब्द पडलेले असतात, आणि ते नुसत्या रूपावरून ओळखता येत नाहीत: ‘दिवस’ बरोबर, ‘दिहकाला’ चूक, रेग्युलर एक्स्प्रेशनला दोन्ही सारखेच. नोंदीच्या तारखेवरून ठरवा. फंक्शन लागू झाल्यानंतरच्या नोंदीच परत फिरवा, त्याही आधी बॅकअप घेऊन.

दुसरं ठिगळ रकमेच्या रकान्याचं. जुन्या मापात जोडाक्षराचे तुकडे वेगवेगळे मोजले जात, म्हणून कुणीतरी रुंदीतून ठरावीक मिलिमीटर वजा केलेले असतात. आता रुंदी जुळवलेल्या अक्षरांचीच मोजली जाते. ती वजाबाकी राहिली तर उजवीकडची रक्कम रेघेवर चढते.

तिसरं, देवस्थानाचं नाव पिलो या चित्रांच्या लायब्ररीने चित्र करून चिकटवणं. पिलोला अक्षरं जुळवून देणारी राक्म ही लायब्ररी नसलेल्या सर्व्हरवर ते चित्रही मोडकंच येतं. आता नाव मजकूर म्हणूनच छापा, अक्षरांच्या कडा लेझर प्रिंटवर स्वच्छ उठतात.

बाकीची किरकोळ: आउटपुटवर लॅटिन-१ एन्कोड करणारी ओळ काढावीच लागते, कारण आता मजकुराऐवजी बाइटअ‍ॅरे (बाइटांची रांग) मिळतो आणि त्याला एन्कोड हे फंक्शन नसतं. जुन्या लायब्ररीने फॉन्टची माहिती साठवायला बनवलेल्या फॉन्टशेजारच्या पिकल फाइली आणि त्या पुसणारी स्क्रिप्ट, दोन्ही जाऊ द्या. चौकट छापणाऱ्या सेल या फंक्शनमधलं एलएन (पुढच्या ओळीवर जायचं की नाही) आणि २.७.६ पासून टीएक्सटी (छापायचा मजकूर) हे नाव जुनं ठरलंय. चालतं, पण इशारा येतो. टेस्ट चालवताना हे इशारे एरर म्हणून धरा, एकही सुटत नाही.

एक ठिगळ मात्र घाईने उसवू नये आणि डोळे मिटून ठेवूही नये: अदृश्य जोडचिन्हं (अक्षरांचं जोडरूप ठरवणारं, न दिसणारं झेडडब्ल्यूजे हे युनिकोड चिन्ह) गाळणारी ओळ. जुन्या लायब्ररीत त्या चिन्हाचा चौकोन उमटायचा म्हणून ती घातलेली असते. पण साध्या र ने टाइप केलेल्या ‘दऱ्या’मध्ये तेच चिन्ह अर्थ सांभाळतं. ते गेलं की डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो, ‘दर्या’, आणि ‘आचाऱ्याचे मानधन’ आचार्यांच्या नावावर पडतं. इथे गाळण्याऐवजी र, हलन्त आणि जोडचिन्ह या तिकडीच्या जागी नुक्त्याचा ऱ आणि हलन्त घालावं. बाकी ठिकाणची जोडचिन्हं तशीच राहू द्यावीत.

उणीव एकच जाणवते. पीडीएफमधून मजकूर कॉपी केला तर अक्षरांचा क्रम बिघडू शकतो. म्हणून भाविकाचं नाव शोधायचं ते डेटाबेसमध्ये, आणि पावती क्रमांक फाइलच्या नावातच ठेवायचा.