आदिवासी पाड्यासाठी काय निवडावं: फिरता दवाखाना की पाड्यातलीच आरोग्यदूत?

आदिवासी पाड्यांच्या आरोग्यासाठी काही करायचं ठरवलेल्या संस्थेसमोर बहुतेक वेळा दोन वाटा येतात. डॉक्टर, नर्स आणि औषधं घेऊन फिरणारी गाडी, नाहीतर पाड्यातल्याच एखाद्या बाईला शिकवून, मानधन देऊन आरोग्यदूत म्हणून उभं करणं. निधी एकालाच पुरणारा असेल तर काय निवडावं, ते इथं मांडतो.

आदिवासी आणि डोंगराळ भागासाठी सरकारी निकष ३,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि २०,००० ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा आहे. तीस-चाळीस घरांचा पाडा या हिशेबात नेहमी कुणाच्या तरी मागे जोडलेला राहतो. आशाताई असते, पण बऱ्याचदा ती मुख्य गावातली आणि वेगळ्या समाजाची असते.

गाडीचं बळ तपासणीत आहे. रक्तदाब, हिमोग्लोबिन, जोखमीच्या गरोदर मातांची नोंद, सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराची चाचणी हे सगळं एका फेरीत अख्ख्या पाड्याचं होऊन जातं. अडचण वाराची. गाडी ठरल्या दिवशी येते. बाळंतपण, न्यूमोनिया, सर्पदंश वार पाहून येत नाहीत. हिवताप आणि जुलाब पावसाळ्यात वाढतात, आणि नाले भरून गाडी अडते तीही पावसाळ्यातच. फॅल्सिपॅरम हा हिवतापाचा घातक प्रकार दोन-तीन दिवसांत मेंदूपर्यंत जाऊ शकतो, तेव्हा पंधरवड्याच्या फेरीचा उपयोग काय? डॉक्टर नोकरी सोडून गेला की मागे उरतो तो ड्रायव्हर आणि डिझेलचा खर्च.

पाड्यातल्या बाईच्या बाजूनं सर्वात भक्कम पुरावा आपल्याच राज्यातला आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं ३९ गावांत स्थानिक महिलांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं आणि तुलनेसाठी ४७ गावं ठेवली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली आला. १९९९ मध्ये हा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. या बायका बाळाचं वजन करत, त्याला ऊबदार ठेवत, आईला पाजायला मदत करत आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शनही देत. हे चार दिवसांच्या शिबिरातून येत नाही. मागे नियमित येणारा पर्यवेक्षक लागतो आणि औषधांचा पुरवठा तुटू न देणारा माणूस लागतो. पेटी रिकामी राहू लागली की लोक तिच्याकडे जायचं सोडतात, आणि मग तो विश्वास परत मिळवणं फार अवघड जातं.

भाषेचा मुद्दा मला याहून मोठा वाटतो. विदर्भातल्या कोलाम आणि माडिया आदिवासींच्या कोलामी आणि माडिया या भाषा द्रविड कुळातल्या आहेत, मराठी येणाऱ्याला त्या नुसत्या ऐकून समजत नाहीत. गाडीतल्या डॉक्टरपुढे बाईचं दुखणं तिचा नवरा सांगतो, आणि अंगावरून जाण्याच्या तक्रारी तशाच मनात राहतात. शेजारणीला ती स्वतः सांगते. क्षयाच्या गोळ्या सहा महिने, सिकलसेलवरचं हायड्रॉक्सीयुरिया हे औषध रोज घ्यायचं. तिथंही दारावरून जाता-येता विचारणारी शेजारीणच उपयोगी पडते. अडलेल्या बाळंतपणात किंवा सिकलसेलच्या क्रायसिसमध्ये, म्हणजे अचानक उठणाऱ्या तीव्र वेदनांच्या झटक्यात, मात्र तिचे हात तोकडे पडतात. म्हणून तिच्यासोबत फोनवर उचलणारा डॉक्टर आणि भाड्याच्या जीपचे पैसे बाजूला ठेवायलाच हवेत.

म्हणून कोलाम आणि माडिया पाड्यांसाठी मी बिनदिक्कत पाड्यातली बाई निवडेन.

कातकऱ्यांच्या बाबतीत माझं मत उलटं आहे. रायगड-ठाण्याकडची कितीतरी कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. त्या महिन्यांत वाडीवर म्हातारी माणसंच उरतात. तुम्ही शिकवलेली बाईही कुटुंबासोबत भट्टीवर गेलेली असते, आणि एका वाडीतली कुटुंबं वेगवेगळ्या भट्ट्यांवर विखुरतात, त्यामुळे ती तिथं तिच्या माणसांच्या कामी येत नाही. त्यांची बोली मराठीला जवळची, म्हणून भाषेची भिंतही तेवढी उंच नाही. इथं गाडीच हवी, पण तिचा मार्ग वाड्यांवरून न आखता भट्ट्यांवरून आखलेला हवा. जानेवारीत कोणतं घर कुठं असतं, याची यादी गाडी घेण्याआधी करा. गरोदर बाई आणि पाच वर्षांखालची मुलं कोणत्या भट्टीवर आहेत, ते त्या यादीत वेगळं लिहा.

आणि बाई निवडायची ठरलीच, तर नाव सरपंचाकडून घेऊ नका. पाड्यातल्या बायकांना एकत्र बसवून विचारा की रात्री मूल तापलं तर आत्ता कुणाला उठवता. शिकलेली तरुण मुलगी पुढे येईल, पण लग्न होऊन ती दुसऱ्या गावी जाण्याची शक्यता मोठी. नांदायला आलेली, दोन मुलांची आई असलेली, अडखळत का होईना वाचू शकणारी सून बघा, आणि तिच्या सासूशीही आधी बोलून घ्या.